चुकलेली नक्कल

मी एक चुकलेली नक्कल बोलतोय. तुम्ही मला कोरोना म्हणता. मला हातपाय नाहीत, कुणाशी वैरही नाही. कुणाच्या तरी छातीत शिरायचं आणि स्वतःच्या नकला काढत बसायचं, एवढंच मला येतं. घाईच्या नकलेत चुका राहतातच. बहुतेक चुका आमच्याच जिवावर उठतात. एखादी मात्र चेहरा असा बदलते, की शरीरातला जुना पहारेकरीही ओळख विसरतो.

राजापूरजवळच्या एका वाडीत महिपतने गणपतीपुढे गाऱ्हाणं घातलं, तेव्हा मी त्याच्या मुंबईहून आलेल्या पुतण्यात, विनीतमध्ये होतो.

"रोगराई लांब ठेव रे म्हाराजा," महिपत म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" अख्ख्या घराने एका दमात साथ दिली. त्याच दमातून मी महिपतच्या नाकात उतरलो.

महिपतची बायको हौसा. तिला दुसऱ्याची किडनी बसवलेली. ती टिकावी म्हणून रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी तिचे पहारेकरी सदा पेंगुळलेले. म्हणून महिपत कुणाला तिच्या खोलीत पाऊल टाकू देत नसे. स्वतः मात्र खुशाल जाई. "माजा कोरोना एकदा व्हऊन गेलाय. कांजण्या काय दोनदा येतात?"

त्याचे पहारेकरी माझ्या जुन्या चेहऱ्याची वाट बघत बसले होते. त्यांनी मला उशिरा धरलं. त्याचं दोन दिवसांच्या सर्दीवर भागलं, पण तेवढ्यात तो हौसाला पेज भरवून आला होता.

हौसाच्या छातीत मी गेले चार महिने आहे. तिथले पहारेकरी झोपेतच काठी फिरवीत. ओळखू आलेले मरत, चेहरा चुकलेले उरत. त्या उरलेल्यांतला मी.

हौसा तापली तसा महिपत मास्क लावून उंबऱ्यावर बसू लागला. त्याचं जेवण तुटलं. "माज्याकडनंच आला गं," एवढंच म्हणे. हौसाला ते बघवेना.

चार महिन्यांनीही तपासणीत मी सापडलो, म्हणून आज आरोग्य केंद्राची आशाताई वेदिका नोंद घ्यायला आली. "काकी, कुणाकडनं आला असेल?"

"लिव बाय, मी बाजाराला गेलेली. हे आंब्याच्या कलमांत गेलेले तवा. ह्यांना सांगितला नाय."

वर्षभरात हौसाने अंगणही ओलांडलेलं नाही.

महिपत आधी तिच्यावर खेकसला, मग भिंतीकडे तोंड करून रडला. कितीतरी दिवसांनी त्याने पेज मागून घेतली. मास्क खुंटीला अडकवला आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. हौसा हसली. हसता हसता तिला ठसका लागला.

त्याचे पहारेकरी जागे आहेत, पण भाद्रपदातल्या माझ्यासाठी. मी आता तो राहिलेलो नाही. मला भीती वाटते, माझीच. हौसा, बाई, खरं सांग आणि त्याला दूर बसव. मला थांबता येत नाही.