नुसता जुमाबेक

"नावानं हाक मार म्हणतोय ना!" फुटबॉलच्या सरावात तोलोगोन मास्तर कडाडले. "घरी असेल तो तुझा दादा. इथं जुमाबेक. नुसता जुमाबेक!"

गोलरक्षक नुरदोस कानापर्यंत लाल झाला. "दादा, जरा पुढं सरकता का?" एवढेच त्याच्या तोंडून निघाले, आणि सगळा संघ खो खो हसला. कर्णधार जुमाबेक त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठा, त्यात एकाच गावचा. अशा माणसाला एकेरीत हुकूम सोडायचा? किर्गिझ आईच्या पोटी जन्मलेल्याला ते जमणे कठीणच होते.

मास्तरांचा मात्र सगळा डाव त्या हाकेवर होता. पाच बचावपटूंनी एका रेषेत उभे राहायचे. गोलरक्षकाने त्यांच्यातल्या जुमाबेकला हाक मारली की पाचांनी एकदम पुढे सरकायचे, म्हणजे मागे राहिलेला प्रतिस्पर्धी आपोआप ऑफसाइड, त्याचा गोल बाद. "मास्तरांनी गोलला कुलूप ठोकलं, पण आपले खेळाडूही आतच कोंडले," असे राजधानी बिश्केकच्या बाजारात लोक दात काढत. एकवीस वर्षे शाळेत कवायत शिकवलेल्या मास्तरांना त्याचे काही वाटत नसे. शेवटचा सामना नुसता बरोबरीत सुटला तरी देश आशिया करंडकाला जाणार होता. हरला तर त्यांची नोकरी जाणार, हेही त्यांना ठाऊक होते.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला गुणफलकावर शून्य-शून्य होते. प्रतिस्पर्ध्यांनी मैदानाच्या मध्यातून एक लांब चेंडू उचलला.

"जुमाबेक! पुढं हो!"

हाक आली! महिनाभर घशात अडकलेली हाक नुरदोसने अशी मारली की पहिल्या रांगेत बसलेल्या जुमाबेकच्या वडिलांनीही मान वर केली. चौघे झटकन पुढे सरकले. जुमाबेक मात्र जागच्या जागी थिजला आणि मागे वळून बघू लागला. आपल्याला असे कोण बोलले, एवढेच त्याच्या चेहऱ्यावर होते. तेवढ्यात चेंडू जाळीत गेला.

मास्तर हबकले. पंचाचा झेंडा वर जाईल म्हणून ते बघत राहिले, पण आपलाच एक माणूस मागे असताना तो कसा जाणार? महिनाभर आपण हाक मारणाऱ्याला शिकवत होतो. ती ऐकणाऱ्यालाही शिकवावी लागते, हे आपल्याला सुचले कसे नाही?

सामना संपल्यावर संघटनेचा माणूस त्यांना बाहेरच गाठून म्हणाला, "मास्तर, उद्या या राजीनाम्यावर सही करायला." मास्तरांनी मान डोलावली आणि ते खेळाडूंच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

नुरदोस हातमोज्यांत तोंड खुपसून रडत होता. जुमाबेकने चहाची किटली उचलली. चहा ओतणे हे धाकट्याचे काम, म्हणून नुरदोस धडपडत उठला.

"बस खाली." जुमाबेकने मानाच्या पाहुण्याला देतात तसा घोटभरच चहा वाडग्यात ओतून त्याच्यापुढे ठेवला. "तू बरोबर ओरडलास. मी वळलो."

"दादा, मी..."

"दादा नाही. पुन्हा मार हाक."

नुरदोसने डोळे पुसले.

"जुमाबेक! पुढं हो!"

किटली हातात धरूनच जुमाबेक तत्क्षणी एक पाऊल पुढे आला. या वेळी तो वळला नाही.

दारातल्या मास्तरांना हुंदका आवरेना. जुमाबेकने दुसऱ्या वाडग्यात घोटभर चहा ओतला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.