सीटवरचं वजन

"ब्रेक मारला की पुढचं चाक अडकतंय, दादा! वळणावर जीव मुठीत धरून बसलो होतो," शर्यतीची गाडी गॅरेजात घालत ड्रायव्हर ओरडला.

"तरी मी सांगत होतो," दादांचा धाकटा भाऊ लगेच पुढं सरसावला. "स्प्रिंगा काढा, हवेचं सस्पेन्शन बसवा. आत जाड्या बसो की बारक्या, हवा आपलं आपण सांभाळून घेते."

"हवेवर फुगे उडतात रे, शर्यती नाही जिंकत," दादा म्हणाले. हे भांडण चहाइतकंच नेमानं व्हायचं. रस्त्यावरचा खडादेखील स्प्रिंग ड्रायव्हरला कळवते, हवा सगळं गिळून बसते, असं दादांचं ठाम मत.

चारी चाकांखाली वजनकाटे सरकवायचे, सीटवर ड्रायव्हर बसवायचा आणि स्प्रिंगांच्या कड्या पिळून चाकांवरचा भार जुळवायचा, अशी कामाची रीत. पण ड्रायव्हर कधी वेळेवर उगवेल तर शपथ! दादांचं आणि त्याचं वजन सारखं, म्हणून वर्षानुवर्षं त्याच्या जागी दादाच बसत आणि धाकटा कड्या पिळे.

"चल, पुन्हा मोजू," म्हणत दादा सवयीनं सीटवर बसले. धाकट्यानं काटे पाहिले. मग ड्रायव्हरला बसवून पुन्हा पाहिले. आकड्यांत केवढा तरी फरक.

"काय रे, सुटलास की काय?"

"छे! आहे तेवढाच आहे. शर्यतीआधी वजन करावंच लागतं."

धाकट्यानं दादांकडं वळून पाहिलं. ढगळ शर्ट, आवळून बांधलेला पट्टा. "दादा?" एवढंच तो म्हणाला.

दादांनी शर्ट पुढं ओढून पट्टा झाकला. दुखणं बरं होणारं नाही, फार तर लांबवता येईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. घरी कळलं तर हातातला पाना काढून घेतील, म्हणून त्यांनी ब्र काढला नव्हता. पण आपलं घटलेलं वजन सीटवरही घटणार, एवढी साधी गोष्ट ध्यानात येऊ नये? गाडी चालवणाऱ्या या पोराचा जीव गेला असता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात त्यांची बायको डबा घेऊन दारात आली. "काय हो, चेहरे का असे?"

"काही नाही गं. स्प्रिंगा गेल्या," दादा म्हणाले. "आता हवेचंच बसवू."

"बरं झालं बाई! त्या स्प्रिंगांनी रक्त आटवलं नुसतं तुमचं. बघा, कसे वाळलाय. आता तरी चार घास सुखानं खाल."

ज्या वाक्यासाठी इतकी वर्षं भांडला, ते दादांच्या तोंडून कानावर पडलं आणि धाकट्याला रडू आवरेना. तो गाडीमागं जाऊन उगाच बोल्ट चाचपत बसला.

"बसलास काय? जॅक लाव," दादांनी हाक मारली.

पहिली स्प्रिंग निघाली. एरवी ते ती एका हातानं उचलत. आज दोन्ही हातांनी पोटाशी धरली, आणि बायको बघत होती म्हणून ताठ चालत जाऊन भंगारात टाकली.