सतराच्या आत

डार्लीनला पुरून नऊ दिवस झाले होते. तिचा बाप, जर्दाळू डबाबंद करणाऱ्या कारखान्यातला लिरॉय पिकेट, टोपी मांडीवर ठेवून हॉस्पिटलच्या तळघरात बसला होता. डॉक्टरांना सल्ला देणारं नवं यंत्र तिथेच होतं. पोर गेल्यावर यंत्राकडे कारणं मागायची म्हणजे वरातीमागून घोडं. पण तो हटून बसला होता, आणि डार्लीनवर उपचार करणाऱ्या डॉक्टर हाउगनना त्याला नाही म्हणवलं नाही. या नऊ दिवसांत त्यांना काही म्हणजे काहीच वाटलं नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. त्याची लाज वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती.

डार्लीनच्या वेळी यंत्राने दिलेला सल्ला कसा काढला हे बघायला, यंत्र सांभाळणाऱ्या थेल्माने 'कसं?' असं टाइप केलं. खडखडत कागद बाहेर आला. मेंदूच्या आवरणाला सूज, वय सोळा, डोक्याला मार नाही, म्हणून अमुक जंतू, म्हणून तमुक औषध. प्रत्येक ओळीशेजारी नियमाचा आकडा.

"बघा, कसं मुद्देसूद सांगतंय," थेल्मा म्हणाली. तिला त्याचं भारी कौतुक.

पिकेटने ओळींवर बोट फिरवत सगळं वाचलं.

"यात दारूचं कुठेय?"

"दारूचं?"

"दफनाच्या दिवशी तिची मैत्रीण बोलली. वर्षभर पीत होती म्हणे, रोज. मला पत्ता नाही. पिणाऱ्याला दुसराच जंतू धरतो, असं नर्स म्हणाली. खरंय का, डॉक्टर?"

"खरंय," हाउगन म्हणाले. "औषध बदललं असतं."

"मग यानं विचारलं का नाही?"

थेल्माने 'का?' टाइप केलं. पुन्हा केलं. त्याने स्वतः डॉक्टरांना विचारलेल्या प्रश्नांची कारणं ते घडाघडा सांगत होतं. न विचारलेल्या प्रश्नाचं त्याच्याकडे काहीच नव्हतं.

"राहू दे, थेल्मा. त्याला नाही माहीत." वॉर्डात औषध सांगावं तसाच हाउगनचा आवाज होता. "तो नियम माझा आहे. दारूचं विचारण्याआधी वय बघायचं, सतराच्या आत असेल तर विचारायचंच नाही, असं मीच घालायला लावलं."

"का?" पिकेटने विचारलं.

"पोर पितं का असं विचारलं की आईबाप भडकतात. आधीच बिचारे घाबरलेले असतात. उगाच कशाला, म्हणून."

पिकेटने कागद थेल्माच्या टेबलावर परत ठेवला. मग उठून त्याने टोपी घातली.

"भडकलोच असतो मी," तो म्हणाला.