येत-जात असायची

माझी लेक आज ज्या घरात राहते, ते घर मी विलेमीन हॉइटिंकच्या हातून घालवलं. गावात कुणी असं बोलत नाही. गावात म्हणतात, मार्लूसचं नशीब बघा, आईबापाच्या शेजारचंच घर मिळालं. नशीब कसलं डोंबलाचं.

आमचं लिंडेलो हिरवं आणि शांत आहे. हिरवं आहे, कारण एकतीस वर्षं नगरपालिकेच्या नोकरीत इथली कुंपणाची झाडी मी कापतोय. शांत आहे, कारण इथं कुणी कुणाला तोंडावर काही विचारत नाही. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं सायकली घेऊन येतात, कुंपणांचे फोटो काढतात आणि इथं भाड्यानं घर मिळेल का म्हणून विचारतात. मिळत नाही. गावात परवडेल अशी भाड्याची घरं चोवीस, सगळी गृहसंस्थेची. यादीत नाव घातलं की दहा-बारा वर्षं वाट बघायची. घर मोकळं होतं ते आतलं माणूस मेल्यावर. त्यामुळे म्हातारं कुणी जोरात खोकलं तरी रस्त्यावरच्या चार घरांत कान टवकारतात.

आमचं जोडघर. मधे एका विटेची भिंत, पलीकडे म्हातारी आलेइडा हॉइटिंक. आठ वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. तिची लेक विलेमीन शहरातलं स्वतःचं भाड्याचं घर सोडून आईकडे येऊन राहिली. सकाळी रोपवाटिकेत कामाला जायची, दुपारी येऊन आईला उचलायची, धुवायची, भरवायची. म्हातारी रात्री हाक मारायची आणि ती उठायची. हे मला कुणी सांगितलेलं नाही. भिंतीतून मी आठ वर्षं ऐकलंय. तिच्या चपलांचा आवाज मला माझ्या बायकोच्या आवाजाइतका ओळखीचा होता.

पण कागदावर ती इथं राहत नव्हती. घरात दुसरं कमावतं माणूस दाखवलं की म्हातारीला भाड्यापोटी मिळणारी सरकारी मदत तुटली असती, म्हणून विलेमीननं आपलं नाव भावाच्या पत्त्यावर घातलं होतं. आलेइडाचं मन होत नव्हतं. कुंपणापाशी उभं राहून मीच म्हणालो होतो, ‘निम्मं गाव हेच करतं. आणि उद्या कुणी विचारलंच, तर सांगायला आम्ही आहोत ना.’

म्हातारी गेल्या ऑक्टोबरात गेली. आमच्याकडे शेजारधर्म कडक. सर्वांत जवळचा शेजारी म्हणून मरणाचा निरोप घरोघरी मी दिला. प्रत्येक दारात उभं राहून तेच वाक्य म्हटलं, टोपी काढून. माझ्या बायकोनं, रीकनं, सभागृहात ऐंशी माणसांची कॉफी केली, हॅमचे पाव लावले. शवपेटीला सहा शेजारी लागतात. सहाच्या सहा आले, काळे कोट घालून. समोरचा खेरित-यान लेन्सिंक आला, गावमंडळाचा अध्यक्ष. दूधवाला शेतकरी टॉनी ते ब्राके गाईंच्या धारा जावयावर सोडून आला. पाऊस होता, खड्ड्यापाशी चिखल होता, पण पेटी तसूभर कलली नाही. विलेमीन प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरून रडली. तुम्ही नसता तर, म्हणाली.

पंधरा दिवसांनी गृहसंस्थेचं पत्र आलं. भाडेकरार आलेइडाच्या नावावर होता, ती वारली, घर मोकळं करा.

विलेमीननं वकील गाठला. वकील म्हणाला, आईबरोबर राहून खरंच एकत्र घर चालवलं असेल तर घर तुमच्या नावावर होऊ शकतं, पण सहा महिन्यांच्या आत न्यायाधीशाला ते पटवावं लागेल. तुमचा पत्ता भलतीकडे आहे, तेव्हा शेजाऱ्यांचं लेखी आणा. जितक्या सह्या तितकं बरं, आणि भिंतीला भिंत लागून जो राहतो त्याची सर्वांत महत्त्वाची.

तिनं कागद तयार करून आणला. त्यावर एकच ओळ होती. विलेमीन हॉइटिंक ही आठ वर्षं आपल्या आईसोबत या घरात राहत होती. खाली नाव आणि सही.

ती आधी लेन्सिंककडे गेली. त्यानं तिला बसवलं, कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. म्हणाला, गावमंडळातर्फे मीच संस्थेला लिहिलंय की मोकळी होणारी घरं आधी गावच्या तरुण पोरांना द्या. आता मीच उलटी सही कशी करू? टॉनी गोठ्यातूनच म्हणाला, की तो कागदावर नाव घालत नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. राहिलेल्या तिघांतल्या एकाला आठवत नव्हतं, एकाच्या बायकोनं दार उघडलं नाही, आणि एकानं तर तिलाच सुनावलं की इतकी वर्षं सरकारला फसवलंत, आता आम्हाला कशाला गोवता. मेलेल्या बाईला खांदा द्यायला सहा जण धावले होते. जित्या बाईसाठी अर्धं मिनिट पेन धरायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

शेवटी ती माझ्याकडे आली. मी म्हणालो, ठेव, वाचतो. एका ओळीच्या कागदात वाचायचं काय असतं? तिनं तो टेबलावर फळांच्या वाडग्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, ‘बेरेंड, बाकीच्यांचं जाऊ दे. तुझं मला माहीत आहे.’

आमची मार्लूस तेव्हा नवरा आणि सात महिन्यांच्या पोराबरोबर आमच्या गॅरेजवरच्या खोलीत राहत होती. छप्पर इतकं उतरतं की पाळणा एकाच कोपऱ्यात बसायचा, आणि जावई यूर्गन सकाळी उठताना तुळईला डोकं आपटायचा. यादीत तिला अकरा वर्षं झाली होती. गावची पोर म्हणून तिचा नंबर वर होता, सर्वांत वर. हे मला ठाऊक होतं, रीकला ठाऊक होतं आणि सह्या न करणाऱ्या पाचही जणांना ठाऊक होतं.

संध्याकाळी रीकनं तो कागद वाचला आणि होता तसा परत ठेवला. मी विचारलं, काय करू?

‘मला विचारू नकोस,’ ती म्हणाली. ‘मी सही कर म्हटलं तर वर ती पोरगी आहे. नको म्हटलं तर आयुष्यभर म्हणशील, बायकोनं सांगितलं.’

कागद तिथंच पडून राहिला. त्यावर संत्र्याचा डाग पडला. विलेमीननं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी घाईत होतो. मी स्वतःला सांगत होतो की सही न करणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही. माणूस अशा वाक्यावर महिना-महिना जगू शकतो. मी जगलो.

मग संस्थेचा माणूस आला. कोवळा पोरगा, स्वच्छ बूट, हातात टॅबलेट. मी रस्त्याच्या कडेला झाडी कापत होतो. त्यानं मशीन बंद करायची विनंती केली. फार अदबीनं बोलत होता. म्हणाला, ‘तुम्ही लगतचे शेजारी. फक्त एवढंच सांगा, हॉइटिंकबाईंची मुलगी इथं राहत होती का?’

हो म्हणायला काय लागतं? तोंड उघडायचं आणि हो म्हणायचं. गॅरेजवरून पोराचं रडणं ऐकू येत होतं.

मी म्हणालो, ‘ती येत-जात असायची.’

संस्थेच्या पोरग्यानं ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर ना? मी म्हणालो, बरोबर. धादांत खोटं नव्हतंच ते. ती रोज कामाला जायची आणि रोज घरी यायची. येत-जातच असायची की. मी मशीन सुरू केलं आणि त्या दिवशी झाडी इतकी खोल कापली की काटक्या उघड्या पडल्या.

फेब्रुवारीत निकाल लागला. विलेमीन आमच्या दारात आली, आत आली नाही. निकाल तिच्या हातात होता. तिनं चष्मा लावला आणि मला वाचून दाखवलं, शाळेत वाचतात तसं, न अडखळता. ‘लगतच्या शेजाऱ्याच्या सांगण्यानुसार अर्जदार येत-जात असायची. इतर कुणाही शेजाऱ्यानं तिच्या वास्तव्याला दुजोरा दिलेला नाही.’

मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. मी तयारीत उभा होतो, मार्लूसचं, पोराचं, छपराचं सगळं ओठांवर होतं.

ती म्हणाली, ‘घर मार्चच्या एकतीस तारखेला द्यायचंय. जमीन उचकटायला माणूस लागेल. शेजारधर्मात बसतं ना?’

घर सोडताना भाडेकरूनं ते पार नागडं करून द्यायचं असा संस्थेचा नियम आहे. पडदे, भिंतीवरचा कागद, जमिनीवरच्या लाकडी पट्ट्या, सगळं काढायचं, खाली काँक्रीट दिसलं पाहिजे. मी पहार घेऊन गेलो. न जाण्याइतकी हिंमत माझ्यात नव्हती. त्या पट्ट्या तिनं स्वतः बसवल्या होत्या, आईच्या चालायच्या गाडीचं चाक कुठं अडकू नये म्हणून एकेक सांधा घासून. मी उचकटत होतो, ती बाहेर नेऊन रचत होती. दुपारपर्यंत आम्ही सात-आठ वाक्यं बोललो असू, सगळी लाकडाबद्दल.

शेवटची पट्टी निघाली तेव्हा मी म्हणालो, ‘विलेमीन, मार्लूसला...’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘वरच्या न्हाणीघरातला नळ नीट बघून घे म्हणावं. डावीकडे जरासा फिरवला तरी उकळतं पाणी येतं. आईचा हात भाजला होता एकदा. पोराला आंघोळ घालताना आधी थंड सोडायचं.’

मी मान हलवली.

‘आणि बैठकीच्या मागच्या भिंतीला ओल येते. पाळणा तिथं नको.’

भाऊ गाडी घेऊन आला होता. त्याच्या पोटमाळ्यावर तिची सोय केली होती, चौपन्नाव्या वर्षी. तिनं खोके चढवले. यादीत तिचं नाव आता नव्यानं लागलंय, तळाशी. नंबर येईल तेव्हा ती पासष्टीच्या पुढं असेल. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा समोर लेन्सिंक आपल्या बागेत उभा होता. त्यानं हात वर केला, जाणाऱ्याला आपण करतो तसा.

किल्ली तिनं माझ्याकडे दिली होती, संस्थेच्या माणसाला द्यायला. तो चारला यायचा होता. काँक्रीटवर भुसा पडला होता, आणि घर झाडून द्यावं असंही नियमात आहे. मी घरून केरसुणी आणली. आधी मागची खोली झाडली, जिथं म्हातारीचा पलंग होता, मग स्वयंपाकघर, मग जिना, वरून खाली, एकेक पायरी.