मालसुनचा बायपास

मानवजातीचा इतिहास म्हणजे रस्त्यांचा इतिहास होय, असं दोलगोगेचा गावप्रमुख किल्सू याचं ठाम मत होतं आणि ते त्यानं सकाळी सहा वाजता सभागृहाच्या कर्ण्यावरून गावाला ऐकवलं. नेमका तेव्हाच खडीचा ट्रक गावातून गेला. त्यामुळे लोकांच्या कानावर ‘मानवजातीचा’ आणि ‘येताना आपापली वाटी आणा’ एवढंच पडलं. वाटी म्हटल्यावर गाव झाडून जमलं.

कार्यक्रम बायपासचा नकाशा दाखवण्याचा होता. पुढची जागा प्यो जोंगमान यांना, कारण बायपास त्यांचाच. अकरा वर्षांपूर्वी त्यांची बायको मालसुन डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होती. मिरची डांबरावर वाळते तशी दुसरीकडे कुठे वाळत नाही, अशी तिची श्रद्धा होती. समोरच्या ओट्यावरून प्योंना ट्रक दिसला. पण सकाळी मुळ्याच्या किमचीत मीठ जास्त पडल्यावरून दोघांचं वाजलं होतं आणि बोलणं बंद होतं. तिलाही दिसलाच असेल, म्हणून त्यांनी हाक मारली नाही.

तेव्हापासून हा माणूस बोलायचा थांबला नाही. कपाळाला लाल पट्टी बांधून जिल्हा कचेरीच्या पायऱ्यांवर त्यांनी इतकी भाषणं ठोकली, की तिथले कारकून त्यांना पाहताच खुर्ची आणि बार्लीचा चहा पुढे करू लागले. मागणी एकच. ट्रक गावाबाहेरून न्या.

कचेरीतून आलेल्या बाईंनी नकाशा उलगडला. लाल रेघ गावामागून निघाली, चेस्टनटच्या बागेला वळसा घालून टेकडीवर चढली आणि सरळ मालसुनच्या थडग्यावरून गेली.

लोक आपापल्या वाटीत बघू लागले. बाईंनी अदबीनं सांगितलं, की आजोबांची हरकत असेल तर रेघ सरकवता येईल; फक्त मोजणी पुन्हा होईल आणि तीन-चार वर्षं जातील. तेवढ्यात बाहेरून आणखी एक ट्रक गेला. वाट्यांतला रस्सा थरथरला.

‘नको,’ प्यो म्हणाले. ‘तिला हलवू.’

थडगी हलवायची ती अधिक महिन्यात. त्या महिन्यात देवांचं इकडे लक्ष नसतं, काही चुकलंमाकलं तरी खपून जातं. मात्र उकरण्याआधी आतल्या माणसाला आवाज द्यावा लागतो, नाहीतर ते दचकतं. हे काम घरच्याचं. किल्सूनं त्यासाठी दोन पानी भाषण लिहून दिलं होतं. त्यात राष्ट्र चार वेळा आलं होतं. बुसानहून आलेला मुलगा सोंगहो फावडं धरून उभा राहिला. प्योंनी गवतावर तांदळाची दारू ओतली, कागद उघडला आणि पुन्हा मिटला. कचेरीच्या पायऱ्यांवर अकरा वर्षांत न अडलेला आवाज इथे अडला.

शेवटी ते हलकेच म्हणाले, ‘सोंगहोच्या आई, ट्रक येतायत. बाजूला हो.’

सोंगहोनं फावडं खाली ठेवलं आणि पाठ फिरवली.

दुपारी किल्सूच्या छोट्या टेम्पोतून ते सरकारी दफनभूमीकडे निघाले. पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी प्योंच्या मांडीवर होती; त्यांना वाटलं होतं त्याहून खूपच हलकी. किल्सूला गप्प बसवेना. बायपासला वहिनींचंच नाव द्यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. उद्घाटनाला मंत्री आणायचा, माणसाएवढा दगड उभा करायचा आणि त्यावर कोरायचं, की या माउलीनं देशासाठी आपली जागा सोडली. दादांनी फक्त उठून दोन शब्द बोलायचे.

प्यो पेटीवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते.

‘किल्सू,’ ते म्हणाले, ‘तुझ्या बाजूची काच तेवढी वर कर. हिला वारा सोसत नाही.’