धक्क्याआधीचा तास

कुल्याशने तळलेल्या पिठाचा बाउरसाक तोडला आणि न खाताच बशीत ठेवला.

चौदा एप्रिलची वही. ‘सुई उडाली, दुपारी ४.०४.’ डोंगरावरच्या चुंबकमापन केंद्राचे राखणदार तुर्सुन अगा यांचं तिरकं अक्षर.

उपग्रहाची नोंद. पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेर वेगवान कण, जागतिक वेळ १०.०४.

खाली अल्माटीत ऊन. इथे खिडकीपर्यंत बर्फ.

ती उठली, परत बसली. सूर्याकडून आलेला धक्का कवचावर आदळला की इथली सुई उडते. वहीतल्या वेळेतून पाच तास वजा केले की जागतिक वेळ, ११.०४. म्हणजे कण धक्क्याच्या तासभर आधीच बाहेर पडले होते. कवच आपणहून गळतं, हे ती अकरा वर्षं सांगत होती आणि लोक हसत होते. पुरावा हा एवढाच. आज एक वाजता तेच लोक पडद्यावर तिचं ऐकणार होते.

दार धाडकन उघडलं. तुर्सुन अगा चहाची किटली घेऊन आत आले.

“अगं कुल्याश, एक वाजला की! भाषण चुकवतेस काय?”

तिने दचकून फोन पाहिला. बारा.

“अगा, अजून तास आहे.”

“तुझ्या फोनला काय कळतंय!” त्यांनी मनगट पुढे केलं. “मार्चमध्ये सरकार म्हणालं, घड्याळं तासभर मागे घ्या. मी म्हटलं, आधी सूर्य मागे घ्या, मग बघू.”

ती हसली. मग तिच्या बोटांतली पेन्सिल थांबली.

“आणि वहीत कुठली वेळ लिहिता?”

“हीच. दुसरं घड्याळ आहे कुठे माझ्याकडे? का गं, चुकलं काही?”

तिने वही मिटली. खिडकीपाशी गेली, परत आली, वही उघडली.

“नाही, अगा. तुमचं घड्याळ छान चालतंय.”

“मग चहा घे. तोंड बघ कसं झालंय.”

तिने समासातल्या ‘वजा ५ तास’मधल्या पाचावर सहा गिरवला. पडद्यावरच्या पहिल्या पानावर शीर्षक होतं, ‘धक्क्याआधी सुटलेले कण’. पुसायच्या बटणावर तिने बोट ठेवलं. उचललं. चहाचा एक घोट घेतला. पुन्हा ठेवलं.

एक वाजता एकेक चेहरा पडद्यावर उमटू लागला. कोणीतरी विचारलं, “कुल्याश, तुमचं पहिलं पान कोरं दिसतंय, बरोबर आहे ना?”

चौदा एप्रिलला धक्का आणि कण एकाच मिनिटाला आले होते.