न निंदलेला कोपरा

डोंगरसिंग नायकाला फुलपाखरांचा कळवळा आला तो मंगळवारी. सोमवारपर्यंत नाल्याकाठच्या पडीक जमिनीत गोदाम बांधायचं म्हणून तो घाटंजीला खेटे घालत होता. मंगळवारी निरोप आला की शुक्रवारी वनखात्याचे मोठे साहेब पडीक पाहायला येणार. तिथं एक दुर्मिळ फुलपाखरू आहे, जागा राखीव होऊ शकते, आणि राखीव जागेला निधी असतो. निधी म्हटल्याबरोबर नायकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आपल्या तांड्याचं वैभव हाय ते वहिनी," लालीबाईच्या ओट्यावर बसत तो म्हणाला.

लालीबाई तुरीची डाळ पाखडत होती. सुपाचा हात तिनं थांबवला नाही. "कालपर्यंत तर ते वैभव तू ट्रॅक्टरखाली घेऊन राह्यलता."

"मले काय माहीत होतं?"

"तुले काय माहीत असते डोंगर? निवडणूक कधी अन् जेवण कुठं, दोनच गोष्टी."

डोंगरसिंग तिचा धाकटा दीर. पन्नाशी उलटली, तांड्याचा नायक झाला, अंगावर पांढरे कपडे आले, पण लालीबाईच्या लेखी तो अजून शेंबूड पुसायला विसरणारा पोरगाच होता. तशी तिच्या लेखी बहुतेक माणसं तशीच होती. तांड्यातल्या बाया आळशी, पुरुष पोकळ, कृषी केंद्रवाला चोर. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती आणि मास्तरही मूर्ख होता म्हणून परत आली होती, असं तीच सांगायची.

त्या पडीकाची खरी मालकीण कोण म्हणाल तर लालीबाईच. सातबाऱ्यावर नाही, पण कामानं. तिथं किडामार उगवायची. जमिनीला चिकटून पसरणारी, जांभळट काळ्या फुलांची, घाण वासाची कडू झाडी. बैलाच्या जखमेत किडे पडले की तिचा पाला वाटून भरायचा. तीन तांडे आणि दोन गावं जनावर घेऊन लालीबाईच्या दारी यायची. पूर्वी किडामार वावरावावरात होती. मग चोरबीटी आली. तणनाशक मारलं तरी कपाशी जिवंत आणि बाकी सगळं मेलेलं, असं ते बियाणं. चार वर्षांत वावरांचे बांध, धुरे, उघडे बोडके झाले. उरलं ते पडीक.

फुलपाखराची गोष्ट निकितानं सांगितली. ही यवतमाळच्या कॉलेजात शिकणारी, मूळची कोकणातली पोरगी. दोन पावसाळे लालीबाईच्या घरी राहून पडीकात अळ्या मोजत होती. काळं फुलपाखरू, लाल पोट, पंखावर लाल ठिपके. लहानपणी आमच्या समुद्रकाठी ढिगानं होतं, तिथं आता बंगले झाले, असं ती म्हणायची.

"आणि आजी, याची अळी किडामारीशिवाय कशालाच तोंड लावत नाही. उपाशी मरेल, पण दुसरं पान खाणार नाही."

हे ऐकून लालीबाईनं पहिल्यांदा त्या अळीकडे नीट पाहिलं. गडद रंगाची, अंगभर लाल मऊ काटे, कोणाकडे न बघता आपलं पान खात बसलेली. "एवढा ताठा तांड्यात कोणात नाही," ती म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कोणी ऐकली नव्हती.

गुरुवारी लालीबाई मुलाला, पूनमसिंगला, घेऊन यवतमाळला गेली; कॉलेजात काम होतं म्हणून निकिताही सोबत गेली. डोळे दाखवायला. पोळ्याच्या आधी फवारणी करताना त्याला विषबाधा झाली होती. त्या साली घरोघरी कोणी ना कोणी दवाखान्यात होतं. पूनम वाचला, पण नजर अजून धूसर होती. परत यायला उशीर झाला.

शुक्रवारी सकाळी निकिताला घेऊन ती नाल्यावर गेली आणि जागीच थांबली.

पडीक सारवलेल्या अंगणासारखं साफ होतं. काडी नाही, पान नाही. चहूबाजूंनी चुन्याची रेघ, आणि मधोमध डब्यांत लावलेली झेंडूची झाडं. नायकानं काल सोळा बाया लावून पडीक निंदून घेतलं होतं. साहेब येणार, फुलपाखरं फुलावर बसतात, मग फुलं पाहिजेत आणि कचरा नको, इतकं त्याचं डोकं चाललं होतं.

सगळ्यांत पुढं लालीबाईची सून शीला उभी होती, विळा कमरेला खोचून, चेहरा उजळलेला. "पाहा याडी, एक काडी ठेवली नाही." तांड्यात आईला याडी म्हणतात आणि शीला सासूलाही तेच म्हणायची.

काडी न ठेवायला तिला शिकवलं कोणी होतं? शीला नवी नवरी होऊन आली तेव्हा लालीबाई तिच्या मागं मागं सरीतून चालायची. राहिलेली गवताची काडी उपटायची आणि सगळ्या बायांसमोर सुनेच्या ओटीत टाकायची. घे, तुझ्या माहेरचा आहेर. बारा वर्षांत पोरीचा हात असा झाला होता की झोपेतसुद्धा तण सोडणार नाही.

उपटलेली किडामार नाल्याच्या कडेला ढिगानं पडली होती. ऊन चढत होतं. कोमेजलेल्या पानांवर अळ्या इकडून तिकडं फिरत होत्या. निकिता ढिगापाशी बसून पानं उलटू लागली.

"आजी, दुपारपर्यंत पाला वाळेल. मग एक वाचणार नाही. दुसरीकडे कुठं आहे का किडामार? थोडी तरी?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. "कुठून राहीन माय? सगळं तं पंपानं जाळलं," बसंतीबाई म्हणाली. हिचं वावर लालीबाईच्या वावराला लागून. तिच्या सरीत गवत दिसलं की लालीबाई धुऱ्यावरून ओरडायची, बसंते, म्हशी सोडू का तुह्या कपाशीत? चाळीस वर्षं हेच चाललं होतं.

लालीबाईला माहीत होतं किडामार कुठं आहे.

तिच्याच वावरात होती. नाल्याकडच्या कोपऱ्यात, अंबाडीच्या दाट ओळीमागं. पूनम दवाखान्यात होता ते तीन आठवडे ती त्याच्या खाटेखाली बसून होती आणि इकडे कोपऱ्यात तण माजलं. आल्यावर लोक म्हणाले, तणनाशक मारून टाक. तिनं पंप उचलून नाल्यात फेकला. माझ्या घरात पुन्हा पंप भरायचा नाही. निंदायला बाया लावाव्या तर बाया पाहतील. लालीबाईच्या वावरात गुडघाभर गवत! मग म्हणतील, बिचारी, पोरगा मरता मरता वाचला, तिचा काय दोष. दोष दिला असता तर तिनं दोन शिव्या देऊन परत केला असता. बिचारी हा शब्द तिला परत करता येत नव्हता. म्हणून कोणी कोपऱ्याकडे फिरकलं की ती तिकडं साप निघाला म्हणायची.

तिनं एकदा ढिगाकडे पाहिलं. एक अळी वाळक्या देठाच्या टोकापर्यंत गेली, मान उचलून हवेत इकडे तिकडे केली आणि परत फिरली. शेजारीच झेंडूचं तुटून पडलेलं हिरवंगार पान होतं. तिनं त्याला हुंगलंसुद्धा नाही.

"टोपल्या आणा," लालीबाई म्हणाली. "अन् त्या अळ्या उचला. बोटानं दाबान तं बोट तोडीन."

"हातानं?" बसंतीबाई किंचाळली. "सालभर बोंडअळी चिरडून राह्यलो आम्ही, अन् आता अळीची पालखी काढाची?"

"बोंडअळीपुढं तुहं काही चाललं का? नाही. मंग हिच्यापुढं कायले जोर दाखवतं? उचल."

शीला रडायला लागली होती. लालीबाई तिच्याकडे न बघता म्हणाली, "रडू नको. तुह्यावाणी निंदणारी बाई घाटंजी तालुक्यात नाही. नुकसान झालं ते त्याच्यानंच."

सोळा बाया टोपल्या घेऊन तिच्या मागून निघाल्या. अंबाडीची ओळ आली तशी लालीबाईनं मान ताठ केली, दोन्ही हातांनी अंबाडी बाजूला सारली आणि आत शिरली.

कपाशीच्या झाडांच्या, पऱ्हाटीच्या बुडाशी गवत, लव्हाळा, कुंजरू, आणि सगळ्यांच्या खालून पसरलेली किडामार. इतकी, की निकितानं तोंडावर हात ठेवला. बसंतीबाईनं टोपली कमरेवर घेतली आणि गवताकडे एकदा नीट पाहिलं.

"काहो लालीबाई, म्हशी सोडू का?"

बाया खो खो हसल्या. कोणी तरी मागून दबक्या आवाजात म्हणालं, "पूनम आजारी होता ना वो, बिचारी..."

"बिचारी तुही माय!" लालीबाई गरजली. "आजारी पोरगा होता, मी नाही. अळ्या सोडा. पानावर सोडा, ढेकळावर नाही."

अकराच्या सुमाराला साहेब आले. पडीक पाहून खूश झाले. किती स्वच्छ ठेवलंय म्हणाले, झेंडूपाशी फोटो काढला. निकितानं सांगितलं की सर, इथं आता काहीच नाही, अळ्या शेजारच्या शेतात आहेत. साहेब नाराजीनं लालीबाईच्या वावरात आले. नायक हात चोळत मागं.

"हे कोणाचं शेत? एवढं गवत?"

"आमच्या वहिनीचं साहेब, जरा दुर्लक्ष..."

"माहं हाय," लालीबाई म्हणाली. "दुर्लक्ष नाही. ठेवलं म्हणून हाय."

"पण आजीबाई, खासगी जमीन आम्हाला राखीव करता येत नाही. पडीकाचा प्रस्ताव आलाय, पडीकाचाच होईल."

"करा. दगडाले राखा. दगड पळून जात नाही." मग तिनं साहेबांच्या बुटाकडे बोट दाखवलं. "पाय उचला. अळीवर उभे हाय तुम्ही."

साहेब असे उडाले की टोपी पऱ्हाटीत पडली. ती नायकानं काढून दिली, पुसून.

दिवाळीपर्यंत पडीकात लोखंडी पाटी लागली, फुलपाखरू संवर्धन क्षेत्र, खाली नायकाचं नाव. पाटीखाली शेळ्या बसायच्या. इकडं कोपऱ्यात अळ्यांनी पऱ्हाटीच्या काड्यांना कोष लावले. जवळपास निम्म्याच वाचल्या, निकिता म्हणाली. लालीबाईनं त्या कोपऱ्यातला कापूस वेचू दिला नाही. बोंडं फुटली, लोंबली, काही गळाली. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून पाहायचा आणि लालीबाई धुऱ्यावर बसून, पाहणाऱ्यांना पाहायची.

एका सकाळी पहिलं फुलपाखरू निघालं. पंख ओले, चुरगळलेले. ते वाळेपर्यंत लालीबाई हलली नाही. तेवढ्यात पलीकडच्या धुऱ्यावरून बसंतीबाईनं हाक मारली.

"काहो, लय गवत झालं. मजुरीनं निंदायले येऊ का?"

"ये," लालीबाई म्हणाली. "पाह्यले ये. पण हात घरी ठेवून ये."